पाण्यात पाहणारी माणसं

१

रविवारी सकाळी वॉरिन्डा तळ्यावरच्या काळ्या राजहंसांचं घरटं मोडलं, आणि न्याहारीची भांडी विसळून व्हायच्या आत वस्तीने गुन्हेगार ठरवूनही टाकला.

इनिड ट्रेलोरला बातमी दिली ती शेजारच्या ग्वेंडा हॉलिसने. इनिड अजून झोपेच्या गाउनवर होती. ग्वेंडा रडत नव्हती, पण तिचा आवाज चिरकला होता.

"इनिड, चल लवकर. सॅव्हने घरटं मोडलं. पाचही अंडी गेली."

"तुला कसं कळलं सॅव्हने मोडलं?"

"माझ्या धक्क्यावरून मी डोळ्यांनी पाहिलं. त्याची होडी, त्याची लाट."

इनिड गाउनवर कोट चढवून तशीच निघाली. निवृत्त होईपर्यंत ती मॅजिस्ट्रेट होती. लोक खोटं कसं बोलतात हे ऐकण्याचाच तिने पगार घेतला होता, आणि ती खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही, म्हणून वस्तीत तिला कोणी फारसं घरी बोलवत नसे. एकटी ग्वेंडा तेवढी दर रविवारी लिंबाच्या वड्या घेऊन यायची आणि तासभर बसून सगळ्या तळ्याची उणीदुणी काढायची. इनिडला आठवड्याचा तोच एक तास गोड जायचा.

घरटं होतं लव्हाळ्याच्या खाडीत. तिकडे जायला पायवाट एकच, आणि तिच्या मधोमध एक जुनाट निलगिरी. त्या झाडावर मॅगपायचं बिऱ्हाड होतं. ऑक्टोबरात, विणीच्या दिवसांत, त्या काळ्यापांढऱ्या पक्ष्याच्या अंगात येतं. खालून जाणाऱ्याच्या टाळक्यावर तो मागून झडप घालतो. म्हणून शहाणीसुरती माणसं या दिवसांत सायकलचं हेल्मेट घालून, त्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदरासारख्या उभ्या करून तिथून जातात. इनिड घाईत हेल्मेट विसरली. ग्वेंडा तर पुढे बोडक्या डोक्यानेच चालली होती. पंखांचा फडफडाट झाला आणि इनिडच्या कानाची पाळी फाटली.

"मला नाही गं करत काही," ग्वेंडा मागे न वळता म्हणाली. "ओळखतो तो मला. कित्येक वर्षं खिमा भरवलाय त्याला."

"तुझं कौतुक नंतर," इनिड कानाला रुमाल दाबत म्हणाली.

लव्हाळ्याच्या कडेला काड्यांचा तो मोठा ढीग तसाच उभा होता. आत अंडी नव्हती. घरट्याच्या पुढच्या बाजूला, तळ्याकडच्या नितळ पाण्यात, पाच फिकट हिरवी अंडी तळाशी पडलेली दिसत होती. मागे, काठाच्या चिखलाकडे, नेहमीचा कचरा येऊन अडकला होता : बिअरचे रिकामे डबे, टेनिसचा चेंडू, निलगिरीची पानं. इनिडने वाकून घरट्याच्या खळग्यात हात घातला. पिसांचा मऊ, कोरडा भुगा तिच्या बोटांना चिकटला. तिने तो कोटाला पुसला.

"आता मोटरी बंद," ग्वेंडा म्हणाली. "कायमच्या."

ते ऐकून इनिडला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, हे मात्र तिला आवडलं नाही.

२

वॉरिन्डा हे काही देवाने केलेलं तळं नव्हे. मेलबर्नच्या त्या टोकाला बिल्डरने दलदलीची जमीन खणली, पाणी सोडलं आणि 'तळ्याकाठचं घर' म्हणून घरं अव्वाच्या सव्वा भावाने विकली. घरं वेगळी, पाणी एकच. मोटरबोटवाले वल्हेवाल्यांना पाण्यात पाहायचे, वल्हेवाले गळ टाकून बसणाऱ्यांना, आणि काठावरचे लोक या सगळ्यांना. इथे पाहायला पाणीही दाराशीच होतं.

होड्या पाण्यात सोडायच्या उतरणीपाशी नियमांचा फळा होता. रविवारी नऊच्या आधी मोटर नाही. स्कीवाल्यांनी घड्याळाच्या उलटं फिरायचं, म्हणजे देवळाला प्रदक्षिणा घालतात त्याच्या नेमकं उलट. विणीच्या दिवसांत लव्हाळ्याच्या खाडीत मोटर नाही. आणि सगळ्यात खाली, गेल्या वर्षी भांडून भांडून घसे बसल्यावर ठरलेला नियम : मोटरीच्या लाटेने घरटं मोडलं, तर तळ्यावर मोटर कायमची बंद. सॅव्ह मिझीने स्वतः त्याला मान्यता दिली होती. मी खाडीत जातच नाही तर मला कसली भीती, असं तो तेव्हा म्हणाला होता.

सॅव्ह पाण्यावरचं स्की, म्हणजे होडीमागे दोरी धरून फळ्यांवर घसरणं, शिकवायचा. बापाने माल्टाहून येऊन सुरू केलेला तो वर्ग, आणि त्यावरच त्याचं घर चालायचं. येत्या बुधवारी रहिवाशांच्या सभेत दोष सिद्ध झाला तर उतरणीच्या फाटकाला कुलूप लागणार होतं आणि सॅव्ह रस्त्यावर येणार होता.

रहिवासी मंडळाचा अध्यक्ष रसेल टिंडाल दुपारी इनिडच्या दारात उभा राहिला.

"चौकशी तुम्ही करा, इनिड."

"मीच का?"

"दोन्ही बाजूंना तुम्ही सारख्याच नकोशा आहात. तुमचं म्हणणं पक्षपाती आहे असं कोणी म्हणणार नाही."

"इतकं गोड अजून कोणी बोललं नव्हतं माझ्याशी," इनिड म्हणाली.

पण रसेलचं म्हणणं तितकंसं खरं नव्हतं. इनिडचा नवरा जॉफ्री शेवटच्या दुखण्यात तळ्याकडच्या खोलीत पडून असायचा. त्याचा जेमतेम डोळा लागायचा आणि सॅव्हची मोटर गुरगुरायला लागायची. ते दिवस ती विसरली नव्हती. सॅव्ह मिझीचं वाईट झालं तर तिला हवंच होतं.

३

"या, जजबाई," सॅव्ह म्हणाला. "फाशीचा दोर आत्ताच आणलात, की तो बुधवारी?"

सोमवारी सकाळी तो उतरणीवर होडीच्या मागे गुडघाभर पाण्यात उभा होता. होडीच्या सावलीत ते दोन्ही काळे राजहंस तरंगत होते. मादी पिसं साफ करत होती आणि नर मान पंखात खुपसून खुशाल झोपला होता.

"रविवारी होडी कधी काढलीत?"

"नऊच्या आधी. मोटरीला नवा पंखा बसवला होता, नीट फिरतो का बघायचं होतं. तळ्याच्या टोकाच्या बांधापर्यंत हळू गेलो आणि परत आलो. तो नियम मोडला. घाला माझ्या नावावर."

"खाडीत गेला होता?"

"नाही."

"जाताना पाहिलंय तुम्हाला."

"कोणी, ग्वेंडाने?" सॅव्ह हसला. "ग्वेंडाला मी तिच्या चहाच्या कपातही दिसतो."

"तुमच्या मोटरीचा आवाज अर्ध्या वस्तीने ऐकलाय."

"आवाज ऐकला असेल. माझा आवाज तर तुम्हाला मी घरी झोपलो असलो तरी ऐकू येतो. हा बघा." त्याने किल्ली फिरवली. मोटर खाकरली, धूर सुटला, पाणी ढवळलं. इनिडने कानावर हात ठेवला. राजहंस हातभर बाजूला सरकले. नराने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"जॉफ्री आजारी होता तेव्हा मी तुम्हाला तीनदा निरोप धाडला होता," मोटर थांबल्यावर इनिड म्हणाली. हे चौकशीत बसत नव्हतं, पण तिच्या तोंडून निघून गेलं.

"पोचले होते."

"मग?"

"नियमात बसत होतं ते मी करत होतो," सॅव्ह म्हणाला. "नियम तुम्हीच लोकांनी केलेत."

तिथून परतताना इनिडच्या अंगाची लाही लाही होत होती. हाच तो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तरी तो झोपलेला हंस तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

४

ग्वेंडाने चहा केला आणि वड्यांची बशी पुढे सरकवली. दुपार चांगलीच तापली होती, पण ग्वेंडाच्या अंगात लांब बाह्यांचा लोकरीचा स्वेटर होता.

"पुन्हा एकदा सांग," इनिड म्हणाली. "सगळं. मी मैत्रीण म्हणून नाही विचारत."

"विचार की. मी धक्क्यावर उभी होते. सॅव्ह बांधाकडून आला, खाडीच्या तोंडाशी त्याने होडी जोरात वळवली. एवढी मोठी लाट उठली. ती थेट घरट्यावरून गेली आणि अंडी घेऊन गेली. तो मागे वळून बघतसुद्धा नव्हता."

"आणखी कोणी पाहिलं?"

"त्या वेळी जागं असतं कोण? आवाज मात्र सगळ्यांनी ऐकलाय."

चहा ओतताना तिची बाही वर सरकली. मनगटाच्या वर एक आडवा, जाड, जांभळाशार पट्टा उमटला होता.

"हे काय झालं?"

"ते होय. मॅगपाय गं, काल सकाळी. मेला माझ्यावरही उलटला." ग्वेंडाने बाही खाली ओढली. "तुझा कान कसा आहे?"

इनिडने मान हलवली आणि वडी उचलली. ऑक्टोबरात वॉरिन्डावर कोणाच्या अंगावर ओरखडा दिसला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. शाळेत उशिरा पोचणारी पोरं तेच सांगतात, बायकोशी हातघाईवर आलेले नवरेही तेच सांगतात, आणि कोणी उलटून विचारत नाही.

निघताना दाराशी लेट्यूसच्या पानांची बादली दिसली. ग्वेंडा रोज राजहंसांना हाताने पानं भरवायची. पानं काळी पडून वास मारायला लागली होती.

"येत नाहीत गं ते माझ्याकडे," ग्वेंडा म्हणाली. "दुःखात आहेत बिचारे. कुठेच दिसत नाहीत."

इनिड पायरीवर क्षणभर थबकली. मग घरी गेली.

५

मंगळवारी ती रसेलकडे गेली. त्याच्या अंगणात खिळ्याला एक हेल्मेट टांगलेलं होतं. त्यावरच्या पट्ट्या मोडल्या होत्या आणि कडांना खाडीचा काळा चिखल वाळलेला होता.

"अध्यक्षमहाशय," ती म्हणाली, "खाडीच्या वाटेवर तुमचं काय काम होतं?"

रसेल लाल झाला. "मला माहीत होतं तुम्ही इथे येणार."

"तुम्हाला नवा धक्का बांधायचाय. राजहंस खाडीत अंडी घालून बसलेत तोवर परवानगी नाही. घरटं मोडलं की अडचण मोडली."

"मी गेलो होतो ते गेल्या आठवड्यात. फोटो काढायला. घरटं माझ्या हद्दीपासून किती लांब आहे ते दाखवायचं होतं परवानगीवाल्यांना. अंड्यांना हात लावायला कशाला जाऊ? आणि लावायचा म्हटलं तरी तो नर लावू देईल का?" त्याने शर्टाची बाही दुमडली. "हे बघा. नुसता जवळ गेलो तर पंखाने असा फटका हाणला, वाटलं हाडच गेलं."

मनगटाच्या वर आडवा, जाड पट्टा. कडेने पिवळा पडत चाललेला.

इनिडने वाकून तो पट्टा जवळून पाहिला. "मॅगपायचा नाही ना हा?"

"मॅगपाय हातावर कशाला मारेल? तो मागून येतो, टाळक्यावर. तुमच्या कानाला विचारा की."

इनिडचा हात आपोआप कानाकडे गेला. चिकटपट्टीखाली पाळी अजून ठणकत होती. त्या सकाळची पायवाट तिला आठवली : पुढे बोडक्या डोक्याने चाललेली ग्वेंडा, मागे रक्ताळलेली आपण. ओळखतो तो मला.

"चहा घेणार?" रसेलने विचारलं.

"नको. उद्या खुर्च्या जरा जास्त मांडा."

ती घरी पोचली तेव्हा तिच्या पायरीवर झाकलेली बशी होती. रविवार नसतानाही ग्वेंडा वड्या ठेवून गेली होती. इनिडने बशी उचलून आत नेली, टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिली. मोठ्या कष्टाने मिळालेलं एकच माणूस उद्या आपल्याच हाताने जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. गप्प बसलं तर मैत्रीण राहील आणि तळं कायमचं शांत होईल. फक्त सॅव्ह मिझी जाईल, आणि तो गेलेला तिला हवाच होता.

६

बुधवारी सभागृहात वल्हेवाले उजवीकडे बसले, मोटरवाले डावीकडे, आणि मधल्या रांगा कोणी घेतल्या नाहीत. सॅव्ह मागे भिंतीला टेकून उभा होता.

"जजबाईंचा निकाल आम्हाला आधीच ठाऊक आहे," डावीकडून कोणीतरी म्हणालं.

"मग गप्प बसून ऐकायला तुम्हाला सोपं जाईल," इनिड म्हणाली.

तिने ग्वेंडाला आधी तिची हकीकत सांगायला लावली. ग्वेंडाने ती न अडखळता सांगितली आणि उजवीकडून टाळ्या पडल्या.

"लाट कुठे जाते?" इनिडने सभेला विचारलं.

 रसेल म्हणाला, "काठाकडे. आणखी कुठे जाणार?"

"बरोबर. तळ्यावरचे डबे, चेंडू, पानं, सगळं लाटेनेच काठाला लागतं. घरट्यामागे ते मी पाहिलं. अंडी मात्र घरट्याच्या पुढे, तळ्याच्या बाजूला पडली होती. लाट त्यांना तिकडे नेऊच शकत नाही. ती काठावरून कोणीतरी पुढे ढकलली. दुसरं, लाट घरट्यावरून गेली म्हणता, तर त्याच सकाळी आतली पिसं कोरडी कशी? माझ्या बोटांना चिकटली ती. तेव्हा लाट आलीच नव्हती."

सभागृहात खुसफुस झाली. सॅव्ह भिंतीपासून सरळ झाला.

"लाट आली असं सांगणारं माणूस मात्र एकच आहे," इनिड म्हणाली. आता तिला ग्वेंडाकडे बघणं भाग होतं. "ग्वेंडा, बाही वर कर."

"मी सांगितलंय तुला. मॅगपायने मारलं."

"मॅगपाय मागून डोक्यावर येतो, हातावर नाही. आणि तुझ्यावर तर तो येतच नाही. त्याच सकाळी तू बोडक्या डोक्याने त्याच्या झाडाखालून गेलीस, आणि तो तुला कसा ओळखतो हेही सांगितलंस. दुसऱ्या कोणीही हे कारण दिलं असतं तर मी पुढे विचारलं नसतं. या तळ्यावर ते एकट्या तुला देता येत नाही."

ग्वेंडाने बाही घट्ट धरली.

"तसाच पट्टा रसेलच्या हातावर आहे, तो जुना. तो राजहंसाच्या पंखाचा आहे. सॅव्हची मोटर ऐकू आली तेव्हा तू संधी साधलीस. वाटेने गेलीस, आणि तुझ्या हातून खाणाऱ्या त्या पक्ष्याने अंड्यांसाठी तुझ्यावर पंख उगारला. दुःखात आहेत, कुठेच दिसत नाहीत, असं तू म्हणालीस. ते सॅव्हच्या होडीच्या सावलीत झोपतात. त्या होडीची त्यांना भीती वाटत नाही. ते फक्त तुझ्याकडे येत नाहीत."

 ग्वेंडा उठली. तिचा आवाज अजिबात चिरकला नव्हता.

"हो. ढकलली. पाच अंडी. हे लोक ऐकणार होते का कधी? दर वर्षी सभा, दर वर्षी भांडणं, आणि दर वर्षी लाटांनी अर्धी पिल्लं बुडतात. ही पाच गेली, पण पुढची सगळी जगली असती. मला काय आनंद झाला असेल ते करताना?" ती इनिडकडे वळली. "आणि तुलाच तर हवं होतं ना शांत तळं? जॉफ्रीच्या उशाशी बसून कोण रडत होतं? मी धरलं होतं तुला. या माणसासाठी तू मला उभं केलंस?"

"त्याच्यासाठी नाही," इनिड म्हणाली. 

सॅव्हने आभार मानले नाहीत. बाहेर पडताना तो तिच्याजवळ एवढंच म्हणाला, "तुम्ही मला वाचवायला गेला नव्हता."

"नव्हते."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

७

वेळेआधी मोटर काढल्याबद्दल मंडळाने सॅव्हला दोन रविवार तळ्यावर बंदी केली. ती सूचना इनिडचीच होती. ग्वेंडाच्या कुंपणावर घर विकाऊ असल्याची पाटी लागली आणि सरकारच्या वन्यजीव खात्याचा माणूस दोनदा येऊन गेला. सॅव्हच्या मोटरीवाचून ते दोन रविवार तळं इतकं शांत होतं की पलीकडच्या काठावरचं बोलणं ऐकू यायचं. जॉफ्री असता तर दुपारपर्यंत झोपला असता. इनिड धक्क्यावर चहा घेऊन बसली. वड्या नव्हत्या. दोन्ही रविवारी तिने दोन कप मांडले आणि एक तसाच आत नेला.

तिसऱ्या रविवारी शेजारच्या धक्क्यावर ग्वेंडा आली. हातात लेट्यूसची बादली होती. ती वाकली, पानं पाण्यावर धरली आणि पूर्वीसारखी जिभेने टकटक करून बोलावू लागली. नर राजहंस लव्हाळ्यातून बाहेर आला.  तो अर्ध्या वाटेवर थांबला, त्याने दोन्ही पंख उभारले, मान खाली केली आणि फूत्कारत सरळ ग्वेंडाच्या हातावर चालून आला. पानं पाण्यात पडली. ग्वेंडा मागे सरली आणि लाकडावर मटकन बसली.

 मग तिने मान वळवली आणि इनिडकडे पाहिलं. दोन धक्क्यांमध्ये जेमतेम एक होडी मावेल एवढं पाणी होतं. इनिड खुर्चीतून अर्धवट उठली.

ग्वेंडाचे ओठ हलले.

त्याच वेळी उतरणीवर सॅव्हची मोटर गुरगुरली. इनिडने घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून गेले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. होडी घड्याळाच्या उलटं वळून दोघींच्या समोरून गेली, तिच्यामागे कोणाचं तरी पोर स्कीवर थरथरत उभं होतं. लाट आली आणि दोन्ही धक्क्यांच्या खांबांवर आपटली.

"काय म्हणालीस?" इनिड ओरडली. "ग्वेंडा, मला ऐकू आलं नाही."

मोटर दूर गेली तेव्हा ग्वेंडा रिकामी बादली घेऊन घरात गेली होती आणि तिचं दार लागलं होतं. पुढच्याच आठवड्यात ती वस्ती सोडून गेली. ती काय म्हणाली होती, ते इनिडला शेवटपर्यंत कळलं नाही.